त्यांच्या वाट्याचे घास

ऑपरेशनच्या आधी पुण्याच्या दवाखान्यात माझ्याकडून चार पानी कागद भरून घेतला होता. शेवटच्या पानावर एक प्रश्न होता: दुःख झालं, काळजी वाटली की तुम्ही जास्त खाता का? मी ‘नाही’समोर खूण केली. माझी मुलगी अर्चना शेजारी बसली होती. तिनं ती खूण पाहिली आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. कागद वाचून तिथल्या मॅडमनी विचारलं, ऑपरेशनच्या आधी दोन-तीन वेळा समुपदेशनाला बसाल का? मी म्हणाले, मला वेड लागलेलं नाही, माझं फक्त वजन वाढलंय.

ही गोष्ट मी सगळ्यात आधी लिहिते आहे. एखादी बाई असाच कागद हातात घेऊन बसली असेल तर तिनं तरी त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं.

माझं नाव मंगल. माहेर वाटूरचं. जालन्यात धान्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीत माझी खानावळ आहे. हमाल, दुकानांतले मुनीम, स्टीलच्या कारखान्यातले कामगार आणि कॉलेजची पोरं मिळून दोन्ही वेळची साठेक ताटं होतात. ऑपरेशनला गेले तेव्हा माझं वय बेचाळीस होतं आणि वजन एकशे सव्वीस किलो.

पाटी

वजनाची गोष्ट माझ्या मालकांपासून सुरू होते. त्यांचं नाव दत्तात्रय. केदारखेड्याची शेती भावांवर सोडून ते जालन्यात आडतीच्या दुकानात मुनीम म्हणून लागले होते. खायची हौस फार, पण खादाड नव्हते. चवीचे होते. खानावळीतला पहिला घास त्यांचा असायचा. घास तोंडात ठेवून डोळे मिटायचे आणि सांगायचे, येसराच्या आमटीला अजून एक उकळी दे, नाहीतर वांग्यात मीठ जरा कमी पडलंय. त्यांनी मान हलवल्याशिवाय मी भांडं खाली उतरवत नव्हते.

गुटखाही तेवढ्याच आवडीनं खायचे. आधी गालाच्या आत पांढरा चट्टा आला. मग तिखट लागायला लागलं, मग तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. औरंगाबादला सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. अर्धा जबडा काढावा लागला. विजेचे शेक दिले. नाकातून नळी घातली आणि त्यांना घरी आणलं. दूध, पेज, डाळीचं पाणी, सगळं त्या नळीतून. बोलणं गेलं होतं. अर्चनाची पहिलीतली पाटी माळ्यावरून काढून त्यांच्या हातात दिली. ते त्यावर लिहायचे, मी वाचायची, ओल्या फडक्यानं पुसून परत द्यायची.

त्यांना जेवता येत नाही म्हणून मीही त्यांच्यासमोर जेवणं बंद केलं होतं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चार घास ढकलायची. त्यांना ते कळलं. एका दुपारी त्यांनी लिहिलं, ‘समोर बसून खा.’ मी नको म्हणाले. त्यांनी पाटी स्वतःच्या शर्टानं पुसली आणि पुन्हा लिहिलं, ‘तू खा. मी बघतो.’

मी ताट घेऊन बसले. पहिला घास घशाखाली उतरेना. त्यांनी लिहिलं, ‘कसं लागतं?’ मी सांगितलं, मेथीची भाजी आहे, लसूण चांगला लागलाय, भाकरी गरम आहे. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

मग ते रोजचंच झालं. शेंगोळे कर, धपाटे कर, पुरण घाल, ते लिहायचे आणि मी करायची. दुपारी तीन वाजता गिऱ्हाइकं संपली की आतल्या खोलीत बसून मी खायची आणि एकेक घासाची चव त्यांना सांगायची. लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील म्हणून दार लोटून घ्यायची. भूक असो नसो, खायची. मी थांबले की ते बोटानं ताटाकडं खूण करायचे. आठ महिने असं चाललं. शेवटच्या दिवशी हातात जोर नव्हता, अक्षर वाकडं आलं होतं. ‘धपाटं’ एवढंच लिहिलं. मी तीन धपाटे खाल्ले, दह्याबरोबर. ते बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

अर्चना तेव्हा तेरा वर्षांची होती.

खुर्ची

ते गेल्यावर खानावळ पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू केली. तीन वाजले की माझे पाय आपोआप आत वळायचे. त्या खोलीत आता धान्याची पोती आणि तेलाचे डबे ठेवले होते. मी पोत्यावर बसून खायची. कुणी विचारलं तर म्हणायची, सकाळपासून पोटात काही नाही. सात वर्षांत चौपन्न किलो वाढले.

गुडघे गेले. साखर निघाली. जमिनीवर बसलं की उठवायला दोन बायका लागायच्या. माझा धाकटा भाऊ पांडुरंग वाटूरला शेती करतो. त्याच्या मुलीच्या लग्नात मी मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले आणि खुर्चीचे पाय फाकून मी खाली आले. वऱ्हाडातली माणसं हसली. मला हसण्याचं एवढं वाटलं नाही. अर्चना दहा हातांवर उभी होती, तिनं पाहिलं, आणि ती आली नाही. पांडुरंगानं आणि त्याच्या बायकोनं मला उठवलं.

त्यानंतर पांडुरंगच मला जालन्यातल्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टर ओळखीचे, खानावळीतून त्यांचा डबा जायचा. त्यांनी सगळे कागद बघितले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, मंगलताई, हा नुसता लठ्ठपणा राहिला नाही, हा आजार आहे, आणि तो तुम्हाला नेईल. साखर, रक्तदाब, झोपेत अडकणारा श्वास, सगळं त्यांनी सांगितलं. मला त्यातलं एकच ऐकू येत होतं. नेईल. खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. मग अर्चनाचा विचार आला आणि स्वतःची लाज वाटली.

पुण्याला असं ऑपरेशन होतं हे त्यांनीच सांगितलं. पोटाचा मोठा भाग बाजूला करून अंड्याएवढी पिशवी ठेवतात, म्हणजे माणूस थोड्यातच थांबतो. पांडुरंग म्हणाला, “अक्का, खर्चाचं मी बघतो. तू फक्त हो म्हण.”

कप

दवाखान्यातले दिवस बरे गेले. दुसऱ्या दिवशीच उठवून चालवलं. सकाळी सहाला एक सिस्टर यायची, हात धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत नेऊन आणायची. खोकल्याच्या औषधाला असतो तेवढा प्लॅस्टिकचा कप दिला होता. पंधरा मिनिटांत तेवढंच पाणी प्यायचं, तेही घोट घोट. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाई नगरकडच्या. त्या म्हणायच्या, आपण बाळं झालोत. आम्ही दोघी टाके धरून हसायचो.

भूक म्हणून लागत नव्हती. मला वाटलं, सुटले.

पंधरा दिवसांनी जालन्याला आले. महिनाभरात बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. सहा महिन्यांत अडतीस किलो उतरले. मोंढ्यातली माणसं ओळखेनात. साठ माणसांचा स्वयंपाक करायचा आणि आपण चार चमचे मऊ भात, वरण खायचं. जमत होतं. पण चव बघता येत नव्हती. खानावळीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या कौसाबाई चव बघायच्या आणि मान हलवायच्या. त्यांनी मान हलवली की मी भांड्याकडं बघत राहायची. का ते मला कळत नव्हतं.

आणि तीन वाजायचे. ऑपरेशनच्या आधी तीन ते पाच मला काम असायचं, खायचं. आता दोन तास रिकामे. गल्लीतलं ऊन सरकताना बघत बसायची. छातीवर कुणीतरी पाटा ठेवलाय असं वाटायचं. डॉक्टरांनी पोट कापून लहान केलं होतं. पोटाच्या वर काय होतं, तिथं कुणी हात लावला नव्हता, कारण मीच लावू दिला नव्हता.

पहिल्यांदा चार चमचे बासुंदी घेतली. पातळ होती, सहज गेली. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली. गोडानं असं होतं हे दवाखान्यात सांगितलं होतं. तासाभरानं उतरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. मग मी युक्त्या शोधल्या. काय लवकर घसरतं, काय दुधात विरघळतं, चिवडा चुरून ताकात घातला की किती जातो. लहान पिशवीला फसवता येतं, फक्त सारखं खात राहावं लागतं. पोत्यावर बसून मी दोन तास तेच करायची. काटा आधी थांबला, मग वर चढायला लागला. नऊ किलो परत आले. पुण्याच्या तपासणीची तारीख आली तेव्हा मी पांडुरंगाला सांगितलं, कौसाबाई रजेवर आहेत, पुढच्या महिन्यात जाऊ.

पित्र

त्या वर्षी मालकांच्या पित्राला मी सगळं त्यांच्या आवडीचं केलं. कावळ्याला पान ठेवलं, माणसं जेवून गेली, तीन वाजले. ताटात दोन धपाटे आणि दही घेऊन आत गेले. ऑपरेशननंतर धपाट्याला हात लावला नव्हता. जाड, चिवट, मला चालणारच नव्हतं. मी भराभरा खाल्लं. दुसरा अर्धा असतानाच छातीच्या मधोमध काहीतरी अडकलं.

ते दुखणं सांगता येणार नाही. पाणी प्यायले तर पाणीही वर आलं. तोंडातून नुसता फेस. लाळसुद्धा खाली उतरेना. मी पोत्यांमध्ये आडवी पडले. अर्चना कॉलेजातून आली तेव्हा तिनं दार ढकललं. ताट तिथंच होतं.

ती ओरडली नाही. ताटाकडं बघत राहिली आणि म्हणाली, “अजून भरलं न्हाई का तुझं? मर मंग खाऊन.”

मग तिनंच रिक्षा आणली, तिनंच पांडुरंगाला फोन केला. औरंगाबादला दुर्बीण घालून अडकलेला घास काढला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला काही बोलायचं टाळलं, पुण्याला फोन लावला, आणि एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. म्हणाले, यांच्याकडं गेल्याशिवाय मी तुम्हाला पुन्हा तपासणार नाही. त्या समुपदेशक होत्या, शबाना मॅडम.

अर्चनाचं ते वाक्य मला त्या दुखण्यापेक्षा जास्त दिवस पुरलं.

शबाना मॅडम

दर दुसऱ्या गुरुवारी मी सकाळच्या बसनं औरंगाबादला जायला लागले. कौसाबाईंना सांगितलं, गुडघ्याला शेक घ्यायला जाते. भावालाही तेच. मन दुखतंय म्हणून दवाखान्यात जाते असं सांगायची हिंमत नव्हती.

शबाना मॅडम पन्नाशीच्या, बोलायला हळू. खोलीत दोन खुर्च्या आणि एक पंखा. मला वाटलं होतं हे खा, ते खाऊ नका असं सांगतील. त्यांनी खाण्याचं काही विचारलंच नाही. पहिल्या दिवशी मी तासभर खानावळीच्या गोष्टी सांगितल्या, दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या. त्या ऐकत होत्या. निघताना मी म्हणाले, असं बोलून काय होणार, मला लवकर काहीतरी औषध द्या. त्या म्हणाल्या, “ताई, आपल्याला बिलकुल जल्दी न्हाई. आठ वर्षांचं दुखणं आहे ना?”

आठ वर्षं मी सांगितली नव्हती. त्यांनी वजनाच्या कागदावरून मोजली होती.

त्यांनी एक वही करायला लावली. काय खाल्लं ते लिहायचं नाही, खाण्याच्या आधी काय झालं ते लिहायचं. मी चिडून लिहायची. ‘काही झालं नाही. तीन वाजले.’ पुन्हा ‘तीन वाजले.’ पानंच्या पानं तेच. मॅडमनी ती पानं माझ्यासमोर उलटली आणि विचारलं, तीन वाजता आत बसून खाताना तुम्ही काय करता? मी म्हणाले, खाते, अजून काय. मग आठवलं ते सांगितलं. कौसाबाई एकदा हसून म्हणाल्या होत्या, ताई, आत कुणाशी बोलून राह्यल्या तुम्ही? मीठ कमी, मीठ कमी म्हणून?

मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, “आत तुमच्यासमोर कोण बसलेलं असतं, ताई?”

मी म्हणाले, “कुणी न्हाई.” आणि ते म्हणताना मला पाटी दिसली.

त्या दिवशी मी रडले ते थांबेना. आठ वर्षांत मी त्यांच्यासाठी रडलेच नव्हते. ते गेले त्या दिवशी बायका म्हणत होत्या, हिला रडवा, नाहीतर ही वेडी होईल. मी उठून आलेल्या माणसांसाठी पिठलं टाकलं होतं. नंतर सात वर्षं मी त्यांना रोज जेवू घालत राहिले. माझं तोंड, त्यांचं जेवण. आणि ऑपरेशननं ते बंद केलं तेव्हा माझ्या आतल्या कुणालातरी वाटलं की मी त्यांना दुसऱ्यांदा उपाशी ठेवतेय. म्हणून मी युक्त्या करून, घाम फुटेपर्यंत खात होते. हे सगळं मॅडमनी सांगितलं नाही. बोलता बोलता माझ्याच तोंडून बाहेर पडलं. त्या फक्त पाण्याचा पेला पुढं सरकवत होत्या.

पुढचे कितीतरी गुरुवार आम्ही एवढ्यावरच काम केलं. तीन वाजता आत जायचं, पोत्यावर बसायचं, पण ताट न घेता. त्यांच्याशी बोलायचं असेल तर बोलायचं, रडायचं असेल तर रडायचं. पंधरा मिनिटांनी उठायचं आणि बाहेर कौसाबाईंबरोबर भाजी निवडायला बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मी दोन मिनिटांत बाहेर आले आणि उभ्यानं शेव खाल्ली. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, दोन मिनिटं बसलात ना, बराबर आहे.

महिनाभरानं मी कौसाबाईंना खरं सांगितलं की मी गुडघ्याला जात नाही. त्या म्हणाल्या, मला ठावं होतं. गुडघ्याला शेक घेऊन कुणाचे डोळे सुजत न्हाईत. मग पांडुरंगालाही खरं सांगितलं.

अर्चना

चार-पाच महिन्यांनी मॅडम म्हणाल्या, मुलीला एकदा घेऊन या. मला वाटलं, तिला समजावून सांगतील की आईशी नीट वाग. अर्चना यायला तयार नव्हती. पांडुरंगानं तिला बसमध्ये बसवून दिलं.

ती तिसऱ्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. मॅडमनी तिला फक्त एवढंच विचारलं की बाबा आजारी होते तेव्हाचं तुला काय आठवतं. तिनं पर्सची चेन उघडली, परत लावली. मग माझ्याकडं न बघता मॅडमना सांगायला लागली.

ती शाळेतून साडेतीनला यायची. आतल्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. एकदा तिनं फटीतून पाहिलं. बाबा नाकात नळी घेऊन भिंतीला टेकले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि समोर आई पुरणपोळी खात होती, तूप लावून, चवी सांगत सांगत.

“मला वाटलं, आई बाबांना चिडवून राह्यली,” अर्चना म्हणाली. “ते भुकेनं मरायलेत आणि ही त्यांच्या समोर बसून खाती. रोज खाती. दार लावून.”

त्या दिवसापासून तिनं घरात भूक लागली म्हणणं सोडलं. शेजारी रझियाभाभी राहायच्या. त्यांच्या पोरांबरोबर ती तिथंच जेवायची. रझियाभाभींनी मला सांगितलं होतं की पोरगी आमच्याकडं जेवली. मी म्हणाले होते, बरं झालं. साठ ताटं वाढणाऱ्या बाईनं आठ महिने आपल्या पोरीचं ताट कुठं आहे ते पाहिलं नव्हतं.

मी तिला सांगितलं. पाटीचं, तू खा मी बघतो म्हणून लिहिलेलं, चव विचारायचे ते, शेवटचं वाकडं अक्षर. सांगताना मला कळत होतं की माझ्याजवळ पुरावा काही नाही. प्रत्येक वेळी मीच ती पाटी ओल्या फडक्यानं पुसली होती. तिनं विश्वास ठेवावा म्हणून मी हात जोडले. मॅडमनी माझे हात हळूच खाली घेतले.

अर्चना ऐकत होती. तिचा चेहरा तेरा वर्षांच्या पोरीसारखा झाला होता.

“मला सांगायचं होतंस ना,” ती म्हणाली. “एकदा दार उघडून मला आत बोलवायचं होतंस. मी पण बसले असते बाबांजवळ.”

मी त्यांच्या दुखण्यात एवढी आत गेले होते की दाराच्या बाहेर कुणी उभं आहे हे मला दिसलंच नाही. लग्नात मी खाली पडले तेव्हा ती का आली नाही, ते मला त्या खोलीत समजलं. तिच्या लेखी मी खाऊन पडले होते.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारच्या सीटवर बसली. बदनापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, बाबांना पुरणपोळी कशी लागते ते तू काय सांगायचीस? मी सांगायला लागले आणि मध्येच पदर तोंडावर घेतला. ती म्हणाली, राहू दे.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी

लोक मला विचारतात, ऑपरेशन करावं का? ते डॉक्टर सांगतील. मला तर त्यानं जगवलं. गुडघ्यांवर चालते, साखरेच्या गोळ्या कमी झाल्या. पण पोट लहान केलं म्हणून आपण कशासाठी खात होतो ते लहान होत नाही. उलट खाणं हटलं की ते उघडं पडतं, आणि तेव्हा जवळ कुणीतरी जाणतं माणूस लागतं. घरची माणसं प्रेमाची असली तरी ती त्याच दुखण्यात अडकलेली असतात. पांडुरंगानं माझ्यासाठी काय नाही केलं. पण त्यालाही मी पाटीची गोष्ट सांगू शकले नव्हते, कारण पाटीचं नाव निघालं असतं तर तोही रडला असता, आणि मग मी त्याच्यासाठी पिठलं टाकलं असतं.

शबाना मॅडमकडं मी दोन वर्षं गेले, आता तीन महिन्यांतून एकदा जाते. परत आलेल्या नऊ किलोंपैकी सहा उतरले, तीन राहिले. मी पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही. मागच्या वर्षी दिवाळीत दोन दिवस मी पुन्हा चोरून खाल्लं. तिसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला. आधी वर्षानुवर्षं लपवायची, आता दोन दिवस. एवढाच फरक, पण तो माझ्यापुरता मोठा आहे.

ऑपरेशनच्या आधी तो कागद येईल तेव्हा खरं लिहा. मी तेव्हाच समुपदेशनाला बसले असते तर पोत्यांमध्ये फेस गाळत पडले नसते. अर्चनाच्या मनातलं दोन वर्षं आधी बाहेर आलं असतं. दोन वर्षं म्हणजे तिच्या लग्नाच्या आधीची, ती घरात होती ती दोन वर्षं. ती वाया गेली.

बाळंतपण

अर्चनाचं लग्न भोकरदनला झालं. जावई शिक्षक आहेत, माणूस चांगला. रविवारी तिचा फोन येतो, कामापुरतं बोलते. पहिल्या बाळंतपणाला ती येईल की नाही याची मला खात्री नव्हती. तिच्या सासूबाई आम्ही करतो म्हणाल्या होत्या. पण ती आली. मुलगी झाली.

मी बाजरीची भाकरी, शेपूची भाजी केली, डिंकाचे लाडू वळले. पाचव्या दिवशी दुपारी बाळ झोपलं होतं. मी ताट घेऊन खोलीत गेले, तिच्यासमोर ठेवलं आणि सवयीनं तिथंच भिंतीला टेकून बसले. ती जेवेल आणि मी बघेन, एवढंच माझ्या मनात होतं. दहा-बारा वर्षांत ती माझ्या हातचं माझ्यासमोर बसून जेवली नव्हती.

तिनं भाकरी मोडली. घास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“आई, तू बघू नको माझ्याकडं,” ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. “मला घास जात न्हाई कुणी बघितलं की.”

मला बाहेर जावंसं वाटलं. पण मग वाटलं, दार लोटून बाहेर गेले तर पुन्हा तेच होईल. मी बसल्या जागी वळले आणि तिच्याकडं पाठ केली. समोर भिंत होती, चुना थोडा उडालेला. बाळाचा श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं ताटात बोटांचा आवाज झाला. भाकरी मोडल्याचा, मग पेला ठेवल्याचा. मी मान वळवली नाही. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसायला हात उचलला तर तिला कळेल म्हणून तेही वाहू दिलं.

मग मागून तिचा आवाज आला, तोंडात घास असतानाचा.

“आई, लाडू अजून एक दे.”

मी डबा मागच्या मागं, न वळता, तिच्याकडं सरकवला.